रागाशिवायची शिकार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी टेमघरच्या घरी मेथी निवडत बसले होते. ती रडत नव्हती. "सुमन, तुज्या दादाला डुकरानं फाडलाय," एवढंच म्हणाली आणि पलीकडून नुसता माणसांचा गलका ऐकू येत राहिला. जखम असेल, असं मला वाटलं. दादाच्या अंगावर अशा जखमांचे व्रण पुष्कळ होते. मी पिशवीत चादर, टॉवेल कोंबला आणि रिक्षा धरली. अंजूरफाट्याला कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकलेली असताना फोन पुन्हा वाजला. या वेळी वहिनी रडत होती...

माझा थोरला भाऊ भास्कर, खारबावचा शेतकरी. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. पेपरात बातमी आली होती, 'रानडुकराच्या हल्ल्यात शेतकरी ठार'. त्यातला 'हल्ला' हा शब्द मला पटलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमचे बाबाही डुकरानंच गेले. मी तेव्हा लहान होते, दादा शाळेत वरच्या वर्गात. भात पिकलं होतं आणि एक एकांडा नर रोज शेतात शिरून लोळत होता. बाबांनी ठासणीच्या बंदुकीनं त्याच्यावर बार टाकला, तो पोटात लागला आणि डुक्कर करवंदीच्या जाळीत घुसलं. बाबा त्याच्या मागे आत गेले. मी बांधावर भाकरीचं फडकं घेऊन उभी होते. जाळीतून आधी बाबांचा आवाज आला, मग दादा कोयता घेऊन धावत आत शिरला. त्यानंतरचं मला दिसलं नाही, ऐकू आलं. ओले कपडे दगडावर बडवावेत तसा आवाज... तो थांबतच नव्हता. माणसं आत गेली तेव्हा बाबांची मांडी उघडी पडली होती, रक्त मातीत जिरलं होतं आणि दादा डुकरावर घाव घालतच होता. चौघांनी मिळून त्याला ओढून बाहेर काढला. त्याचे केस, भुवया, दात, सगळं लाल झालं होतं. मी ओळखलंच नाही त्याला.

पुढं त्यानं रीतसर परवान्याची बंदूक घेतली. कुणाच्या शेताची नासधूस झाली आणि वनखात्याची परवानगी मिळाली की लोक दादालाच बोलवायचे. तो जायचा, मारायचा आणि मेलेल्या जनावराला लाथ घालायचा. प्रत्येक वेळी. कशेळीला गोदामाच्या कुंपणावरून वाद झाला तेव्हा त्यानं एका दलालाचा जबडा असाच मोडला होता, तो माणूस खाली पडल्यावरही मारत राहिला होता. वहिनीवर त्यानं कधी हात उचलला नाही, पण भिंतीवर उचलायचा. त्यांच्या ओटीच्या भिंतीला एक खोलगट पोचा आहे, तो त्याच्या मुठीचा. खरं सांगायचं तर माझ्या नवऱ्याला आणि मला त्याची भीती वाटायची. माया होती, पण भीती आधी.

त्याचा मुलगा निलेश अमेरिकेत मोंटाना नावाच्या डोंगराळ भागात नोकरी करतो. तिकडे एल्क नावाचं जनावर असतं, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असं. सरकार परवाने देतं आणि वाटाड्या सोबत घेऊन लोक डोंगरात त्याची शिकार करतात. निलेशनं गंमत म्हणून बापाला फोटो पाठवला. दादानं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मला नेशील?"

आम्ही सगळे हसलो. दादा हसला नाही. मग निलेशनं खरंच मनावर घेतलं. व्हिसा झाला, दोघांच्या नावे परवाने निघाले आणि डेल नावाचा एक उतारवयाचा वाटाड्या ठरला. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, ओटीवर व्हिडिओ कॉल लागायचा. डेल इंग्रजीत बोलायचा, निलेश मधे बसून इकडचं तिकडे करायचा. पायथ्यापासून घोड्यांवरून जायचं, वर तंबू, पुढं बर्फातून पायी. थंडी केवढी, हवा किती विरळ, मांस सोलून कापडी पिशव्यांत पाठीवर कसं उतरवायचं... सगळं ठरत होतं. दादा त्याला 'डेलभाऊ' म्हणायचा. सरावासाठी पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरून तो गावामागच्या डोंगरावर चढायचा आणि घामानं निथळत खाली यायचा. वहिनी म्हणायची, "मरायचंय का या वयात?" तर म्हणायचा, "त्यासाठीच चढतोय, तिकडं मरू नये म्हणून."

अशाच एका रविवारी मी तिथे होते. डेलनं विचारलं की तुमचा आजवरचा सर्वांत वाईट नेम कोणता. निलेशनं ते मराठीत सांगितलं.  मला वाटलं, दादा आता उठून जाईल. पण तो बोलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"नेम माझा नव्हता, माझ्या बापाचा होता. पोटात लागला. बापूस म्हणाला, असंच सोडलं तर जनावर तडफडंल, संपवायला पाहिजे. म्हणून जाळीत गेला. रागानं न्हाय गेला तो. राग मला आला. जनावर माझ्या दुसऱ्याच घावात मेलं होतं. मला कळलं होतं ते मेलंय. तरी मी मारत होतो."

निलेशला ते इंग्रजीत सांगताना मधेच थांबावं लागलं. पलीकडे डेलनं डोक्यावरची टोपी काढली. मग त्यानं विचारलं, तुम्हाला हे जनावर का मारायचंय?

"आजवर जेवढी मारली तेवढी रागानं मारली," दादा म्हणाला. "या जनावरानं माझं काय बिघडवलेलं न्हाय. एकदा असं करून बघायचंय. नीट, एका गोळीत. आणि जमणार नसंल तर बंदूक खाली ठेवायची."

डेल म्हणाला, माझी अट तीच आहे. नेम स्वच्छ नसेल तर गोळी सुटणार नाही. पुष्कळ लोक रिकाम्या हातानं परत जातात.

"जाईन की," दादा म्हणाला.

त्यानंतर तो बदलला असं मी म्हणणार नाही. पाण्याच्या टँकरवरून तो शेजाऱ्याशी भांडलाच. पण गावात एक डुक्कर त्यानं त्या दिवसांत मारलं, तेव्हा मी शेतावर होते. तो जनावराजवळ गेला, उभा राहिला आणि पाय न उचलता परत फिरला.

निघायला थोडेच दिवस राहिले होते. निवडणूक लागल्यामुळे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होत्या, त्याचीही होती. त्या सकाळी कुणीतरी लावलेल्या, गाडीच्या क्लचच्या तारेच्या फासात एक डुक्कर अडकलं. मागचा पाय हाडापर्यंत कापला गेला होता. गावातली माणसं काठ्या, दगड घेऊन जमली. कुणी मोबाईलवर शूटिंग घेत होतं, कुणी बांबूनं डोळ्यात टोचत होतं. दादाला कळलं तसा तो कोयता घेऊन धावला. लोकांना वाटलं, आता खरी मजा. त्यानं आधी बांबूवाल्याला ढकलून चिखलात पाडलं.

"मागं व्हा सगळे," तो ओरडला. "मारायचं तर एकदाचं मारा. हे काय लावलंय?"

माणसं मागं झाली नाहीत. दादा मानेवर घाव घालायला एका बाजूनं जवळ गेला तेवढ्यात कुणीतरी मोठा धोंडा टाकला. तो डुकराच्या पाठीत बसला, जनावरानं मुसंडी मारली, तार तुटली. सुळा दादाच्या मांडीत, जांघेपाशी शिरला आणि वर ओढला गेला. शेजाऱ्यानं, त्याच टँकरवाल्या शेजाऱ्यानं, आपला शर्ट काढून जखमेत कोंबला आणि त्याला टेंपोत घातला. तो मला नंतर म्हणाला, "ताई, भास्करशेठ सारखा एकच विचारत होता. त्याला संपवला का? अजून तडफडतंय का?" रस्ता कंटेनरांनी भरलेला होता. टेंपोच्या फळ्यांमधून रक्त खाली गळत होतं आणि मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते.

मी गावात पोचले तेव्हा ते डुक्करही मेलेलं होतं. त्याला मारायला लोकांना फार वेळ लागला होता, ते बघूनच कळत होतं. त्याला तोंड उरलं नव्हतं.

निलेश आला, बापाला अग्नी दिला. दहाव्याला कावळा शिवायला वेळ लागला तेव्हा त्यानं घाटावरचा दगड उचलून झाडावर भिरकावला. त्याचा चेहरा पाहून मी दचकले. तो चेहरा मला ओळखीचा होता. परत जाताना म्हणाला, "आत्या, बाबांची तारीख मी रद्द करणार नाही. माझा परवाना आहे. मी जाणार आणि मारणार."

 

परवा रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मी आणि वहिनी ओटीवर बसलो होतो. निलेश तंबूतून खाली उतरला होता, ओठ थंडीनं फुटले होते. त्यानं सांगितलं की पहाटेपासून बर्फात पडून राहिल्यावर उजाडताना एक मोठा नर समोर आला. आडवा, उघड्यावर, अगदी हवा तसा. त्यानं बंदूक खांद्याला लावली. डेल शेजारी पालथा पडून होता. तो जनावराकडे बघतच नव्हता, निलेशच्या हाताकडे बघत होता. मग त्यानं हळूच हात पुढं केला, गोळी सुटू नये म्हणून बंदुकीची कळ बंद केली आणि कानाशी म्हणाला, "आज नको. तू वेगळ्याच कुणालातरी मारतोयस."

"मी त्याला शिव्या दिल्या, आई," निलेश म्हणाला. "मग बर्फात बसून रडलो.  त्यानं कॉफी दिली नुसती."

वहिनीनं पदरानं डोळे पुसले. मोबाईल तोंडाजवळ नेला.

"आणि जनावर?"

"गेलं."

"लंगडत?"

"नाही गं," निलेश म्हणाला. "नीट चालत गेलं. चारी पायांवर."

वहिनीनं मान हलवली आणि भिंतीला टेकून बसली, दादा बसायचा तिथे.