आठ दिवसानं

मोहित जरीपटका भागातल्या एका क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवायचा. दोन तारखा टाकायच्या, दुसरीतून पहिली वजा करायची, की मधले दिवस समोर. "सोमवार ते सोमवार किती?" तो विचारायचा. "सात! आठ म्हणणाऱ्यानं बाकावर उभं राहायचं."

आठ म्हणणारी त्याच्या घरचीच होती. आई, प्रेमिलाबाई. ती कामठीला राहायची आणि वर्षभरापासून एकेक माणूस विसरत चालली होती. आधी शेजारपाजार पुसला गेला, मग सख्खा भाऊ. मोहित तेवढा उरला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "भेटीत आठवड्याच्या वर खंड पडू देऊ नका."

त्या सोमवारी निघताना तिनं दारातच धरलं. "आता कवा येशीन?"

"तू सांग."

"आठ दिवसानं येजो." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. सोमवारपासून सोमवारपर्यंत.

"हे सात झाले ना वं आई! आजचा नाही धरत."

"काहून नाही धरत? आज तू आला ना!"

मोहित हसला. ऑटोत बसून त्यानं मोबाइल काढला. आठवण करून देणारा छोटासा प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. आजच्या तारखेत किती दिवस मिळवायचे? आईचा शब्द त्याच्या कानात होता. त्यानं आठ टाकले. तारीख आली. वार त्यानं पाहिला नाही.

मोबाइल वाजला त्या दिवशी तो कामठीला पोचला, तर शेजारच्या सिंधूताई ओट्यावरच उभ्या.

"काल काहून नाही आला रे?"

"काल? आठ दिवस तर आज..."

"काल सोमवार होता. सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती इथं. जेव म्हटलं, तर म्हणे पोरगा आल्यावर. अंधार पडला तवा हाताले धरून आत नेलं मी तिले."

आई खाटेवर होती. तेच लुगडं, चुरगळलेलं.

"आई."

तिनं घाईनं पदर डोक्यावर ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

"कोन जी तुमी?"

"मी मोहित वं."

"मोहित काल येनार होता," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "नाही आला."

खाटेशेजारी ताटलीखाली कालचा गोळाभात झाकलेला होता. मोहित खाली बसला. त्यानं ताटली उचलली.

"थो राहू द्या जी," आई म्हणाली. "माह्या पोराचा आहे."