पितळेला कल्हई

लियाकतच्या घरात शिरताना वाकावं लागतं, कारण दारातच जहाजाची एक लाकडी कप्पी टांगलेली आहे. ती माझ्या कपाळाला तीनदा लागली. तिसऱ्यांदा मी चिडलोच. "दहिवलीत समुद्र नाय, बंदर नाय, ही धोंड कुणासाठी टांगलीस रं?" तर म्हणाला, "कोंड्या, तुझी उंची बघ आणि कप्पीची बघ. तरी लागते म्हंजे तू नाक वर करून चालतोस." चाळीस वर्षं आमचं हे असंच चाललं होतं. तो शेजारच्या घरात आणि मी माझ्या, आणि एकमेकांना टोचल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

लियाकत मूळचा मुरूडकडचा, मालवाहू बोटीवरचा खलाशी. बायको खतीजा दहिवलीची, म्हणून आईला आणि धाकट्या भावाला, तौकीरला, घेऊन तो इकडे राहायला आला. मी टपाल खात्यात होतो. कुठल्या कुठल्या बंदरांतून त्याची पत्रं यायची ती मीच पोचवायचो, आणि त्यावरची तिकिटं मागून घ्यायचो.

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नाहीतर भाजीपाला लावतात. हा मुंबईत दारूखान्याला जायचा. तिथं जुन्या बोटी तोडतात. तिथल्या भंगारातून पोतं भरून पितळ घेऊन यायचा. होकायंत्र, कंदील, दुर्बीण, घंटा. एकदा समुद्री चाच्यांची पेटी आणली. झाकणावर कवटी आणि दोन हाडं. कोपरा खरवडून बघितला तर आत प्लायवूड! खालापूरकडे कुठल्यातरी सिनेमाचा सेट मोडला होता, तिथून हे रत्न उचललेलं. मी हसून हसून बेजार झालो. तो शांतपणे म्हणाला, "पेटी खोटी हाय, ठाव हाय मला. पण चाचे तरी आता खरे कुठं भेटतात?" त्या पेटीत खतीजा गोधड्या ठेवते.

हा सगळा पसारा पाहून लोकांना वाटायचं, म्हातारा नादी आहे. तो होताच. पण त्या नादाच्या मुळाशी काय होतं ते मला एकट्याला माहीत होतं.

तौकीरही बोटीवर लागला होता, इंजिनात तेल घालायच्या कामावर. त्र्याऐंशी साली भर समुद्रात तापाने गेला. किनारा दहा दिवसांवर होता, तेव्हा नमाज पढून त्याला तिथंच पाण्यात सोडला. ती तार मीच घेऊन आलो होतो. दारात म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. त्या दिवशी मला नोकरी सोडावीशी वाटली होती.

पुढे बारा-तेरा वर्षांनी तीच बोट तोडायला दारूखान्याला लागली. लियाकत तेव्हा रजेवर होता. तो गेला, भावाची खोली शोधून काढली आणि बिछान्यावरची एक पितळी पाटी उचकटून आणली. वीतभर लांब. वर नुसता बिछान्याचा नंबर. पण नंबराच्या खालच्या बाजूला खिळ्याने कोरलेलं, आमच्या मराठी शाळेतल्या वळणाचं, 'तौकीर'. त्याच्यापुढे रेघा. घरी यायच्या ओढीने सरलेला एकेक दिवस तो मोजत होता. एकतीस रेघा होत्या. बत्तिसावी नव्हती.

आईने ती पाहिली असती तर तिचा जीव गेला असता. म्हणून लियाकतने पाटी कुणाला दाखवली नाही. एकटी पाटी डोळ्यांत भरली असती, म्हणून मग रजेरजेला तिच्यासोबत घंटा आली, कंदील आले, दुर्बीण आली; निवृत्तीनंतर तर पोतीच. म्हातारी वारली तरी लपवायची सवय राहिली ती राहिलीच. खतीजाला अक्षरओळख नाही. तिच्या लेखी ते नवऱ्याचं पितळ, बस्स. शबे-बारातीला सगळे कबरस्तानात आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात. तौकीरला कबर नाही. लियाकत त्या संध्याकाळी मागच्या पडवीत बसून पाटीला बोटाने खोबरेल तेल लावायचा. मी शेजारी बसायचो. आम्ही त्या दिवशी एकमेकांना टोचत नसू.

गेल्या वर्षी लियाकतला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तर पारच गेलं. नुसता घशातून आवाज. समजायचं सगळं, सांगता काहीच यायचं नाही. ज्या माणसाने मला चाळीस वर्षं एकदाही शेवटचा शब्द बोलू दिला नाही, तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मला ते सहन व्हायचं नाही, मग मी उगाच बडबड करायचो.

एक मात्र उरलं होतं. तो मान हलवायचा, नाही अशी. औषध आणलं, नाही. पेज आणली, नाही. व्यायाम करवणारी बाई आली, नाही. सुरुवातीला आम्ही थांबायचो, समजूत घालायचो. पुढे पुढे थांबेनासे झालो. त्याच्या नाही म्हणण्याकडे कोण लक्ष देणार? दिलं असतं तर तो उपाशीच मेला असता. पेज भरवायची, तोंड पुसायचं, पुढच्या कामाला लागायचं.

या जानेवारीत त्यांच्या धाकट्या लेकीचं, फराहचं, लग्न ठरलं. घरच्या तांब्याच्या डेगी माळ्यावरून खाली आल्या, कल्हईवाल्याने मशिदीच्या मागे भट्टी लावली. खतीजा मला म्हणाली, "कोंडीरामभाई, ह्यांच्या चीजा पन काळ्या पडल्यात. त्या बी उजळून घेऊ काय? लगीनघरात ह्यांना बरं वाटंल." चांगली कल्पना, असं मीच म्हणालो. पोतं मीच धरलं. घंटा टाकली, कंदील टाकले.

पाटी लियाकतच्या खाटेवर होती, डाव्या हाताखाली. आजारपणात तो ती जवळच ठेवायचा. आणि मला दीडशहाण्याला वाटलं की काट चढून अक्षरं बुजत चालली आहेत, साफ झाली तर उठून दिसतील. मित्रासाठी काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं मला. मी म्हणालो, "आण रं, ही पन देतो. नवी करून आणतो."

त्याने मान हलवली. नाही.

"विकत नाय रं तुझी पाटी! तासाभरात परत आणतो."

त्याने पुन्हा मान हलवली, जोरात. घशातून आवाज काढला. खतीजा म्हणाली, "असंच करतात हल्ली. तुमी घ्या." त्याची बोटं पाटीवर आवळली होती. मी ती एकेक करून सोडवली. करंगळी आधी, मग तिच्या शेजारचं. लहान मुलाच्या हातून कात्री काढून घेतात तशी. हे मी माझ्या या हातांनी केलं.

पोतं कल्हईवाल्याकडे टाकून मी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा सगळा माल ओळीने मांडलेला होता, चांदीसारखा पांढरा लखलखीत. पाटी उचलली, उलटी केली. माझंच तोंड दिसलं तिच्यात.

"यावर अक्षरं होती," मी म्हणालो.

"ओरखडे होते, चाचा. तेजाब लावून रेतीने घासले, तरी जात नव्हते. मग कानस मारली," तो म्हणाला. आपल्या कामावर खूश होता बिचारा. त्याला शिव्या तरी कुठल्या तोंडाने देणार?

मशिदीपासून घर दोन मिनिटांवर आहे. मला अर्धा तास लागला. वाटेत एकदा असंही मनात आलं की खिळा घेऊन परत कोरावं. शाळेतलं वळण तर मलाही येतं. एवढा नीच विचार मी आयुष्यात केला नव्हता.

पाटी त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने ती पाहिलीच नाही. अंगठा खालच्या बाजूला नेला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मग परत. वरच्या बाजूला, मग पाटी पालथी करून मागेही चाचपलं. पुन्हा खाली. अंगठा नुसता घसरत होता. मी बघत उभा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला रागाची नजर चालली असती. त्या नजरेत राग नव्हता. कुणीतरी काहीतरी करावं, एवढंच होतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात खतीजा आतून आली. तिचे हात पिठाचे होते. पाटीकडे बघून तिचा चेहरा असा उजळला की वर्षभरात मी तसा पाहिला नव्हता. "या अल्ला, आरसाच की! बगा वो, आवडली ना?"

लियाकत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने सावकाश मान खाली केली आणि वर केली. हो.

"फराह!" खतीजा ओरडली. "गं पोरी, भायेर ये! अब्बा हो म्हनले! पयल्यांदा हो म्हनले!" ती रडायलाच लागली. पिठाच्या हातांनीच तिने माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्यामुळं झालं हे, कोंडीरामभाई."

"हो," मी म्हणालो.