नानांचा क्लच
नव्वदच्या आसपास धुळ्यात माझं छोटं गॅरेज होतं. तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे क्लच तेव्हा नवे होते, आणि त्यातलं आपल्यालाच कळतं याचा मला भारी माज होता.

माझे थोरले भाऊ, नाना, अशाच क्लचच्या एका मिनीट्रकवर ड्रायव्हर होते. ड्रायव्हिंगशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. एका उन्हाळ्यात भर दुपारी ते गाडी घेऊन आले. "गियर पडस नही रे, कर्र वाजस. क्लच जायेल शे."

क्लचच्या तेलाची डबी भरलेली होती. वर-खाली कुठे गळतीची ओल नव्हती. तेलाच्या नळीत हवा शिरली असेल म्हणून मी गाडीखाली शिरलो. नाना वर बसून पेडल दाबून धरणार, मी खालून स्क्रू सैल करून हवा काढणार. पण एक बुडबुडा येईल तर शपथ! खालच्या सिलिंडरची दांडी मात्र निम्मीच सरकत होती आणि थरथरत होती.

"नाना, पुरं दाबा ना!" मी खेकसलो.

"पुरं दाबेल शे."

चिडून मी त्यांना उतरवलं, स्वतः बसलो, गाडी चालू करून पेडल दाबलं. गियर बिनआवाज पडला. खाली बघतो तर पेडलपाशी नानांची डावी चप्पल. आणि नाना तापलेल्या डांबरावर तो पाय अनवाणी टेकून उभे. चप्पल सुटल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. साखरेचा आजार कैक वर्षांचा. पायाची जाणीवच गेली होती.

"नाना, गाडी चांगली शे," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. "पारोळाले दखाडी, दोंडाईचाले दखाडी. बठ्ठा हाईच सांगतस. तू तरी गाडीमा काहीतरी खराब शे आसं सांग ना."

म्हणजे दोन गावच्या मिस्त्रींनी गाडी चांगली असल्याचंच सांगितलं होतं; दोष पायात आहे हे नानांना आधीच कळलं होतं. गिऱ्हाइकांना नसलेले बिघाड मी कधी सांगितले नाहीत असं नाही. त्या दिवशी मात्र खोटं सांगायला जीभ रेटेना.

इंजिन बंद करून मी चावी खिशात टाकली. नानांनी हात पुढे केला. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस, माझ्यापुढे हात पसरून उभा. मी चावी दिली नाही. बरोबरच केलं, हे मला माहीत आहे. पण तो हात आठवला की अजून रडू येतं.