मावशींचं म्हणणं, जसंच्या तसं

लवळ्याच्या कॅम्पसवर दरवर्षी परदेशातून मुलांच्या दोन-तीन तुकड्या यायच्या. सकाळी जागतिक आरोग्याचे तास, दुपारी आसपासच्या गावांत सेवाकार्य. मी त्यांची दुभाषी. सहाव्या तुकडीपर्यंत इतकी कंटाळले होते की प्रश्न विचारायच्या आधीच मला उत्तर ऐकू यायचं.

त्या दुपारी एका मुलीला घेऊन जवळच्या भरे गावात गेले. पहिल्याच घरी मावशी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलीने फॉर्म काढून विचारलं, रक्तदाबाची गोळी रोज घेता का?

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "दर साली येता, ह्योच सवाल इचारता, लिवून नेता. गोळ्या संपून दोन म्हैने झालं, त्ये कुनी बगितलं का?"

एरवी मी असलं बोलणं गाळायचे. 'कधीकधी विसरतात' असं काहीतरी गुळमुळीत सांगून पुढच्या प्रश्नावर जायचे. त्या दिवशी गाळायचंही त्राण नव्हतं. शब्दन्‌शब्द सांगून टाकला.

मुलगी गोरीमोरी झाली. फॉर्म पिशवीत टाकून तिने मावशींच्या दंडाला पट्टा बांधला. दोनदा मोजलं.

"खूप वाढलाय. उद्या यांना दवाखान्यात नेऊ या."

"उद्या सकाळी तुझा तास आहे."

"असू दे."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघी तीन तास बसलो. मावशींनी विचारलं, "हिचं लगीन झालंय का?" मी तेही सांगितलं. मुलीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली, तशा मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. महिन्याभराच्या गोळ्या मिळाल्या.

पुढच्या आठवड्यात मुलगी मायदेशी गेली. मावशी म्हणाल्या, "आता म्होरल्या म्हैन्याला कोन यील?"

"मी येईन."

तीन महिने मी त्यांना दवाखान्यात न्यायला गेलेही, वाटेतल्या भूगावच्या गर्दीतून स्कूटर काढत. चौथ्या महिन्यात नवी तुकडी आली आणि राहून गेलं. पंधरा दिवस उशिरा पोचले, तर मावशी एकट्याच रिक्षाने जाऊन गोळ्या घेऊन आल्या होत्या.

"तुमची वाट बगत बसले आस्ते तर झालंच आस्तं माझं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी पायरीवर टेकले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.