ड्यूटीवर बोलायचं नसतं

आमच्या ह्यांची नोकरी एका लिफ्टने खाल्ली. हे आयुष्यभर लिफ्टमन. मग त्यांच्या इमारतीत नवी लिफ्ट आली, ती मजले स्वतःच सांगायची, दारही स्वतःच लावायची. ह्यांना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तरी हे दुसऱ्या दिवशी गेलेच, नव्या लिफ्टला काही अडलं तर जवळ कुणी असावं म्हणून. तिला काहीएक अडलं नाही. हे परत आले आणि दाराकडे तोंड करून पलंगावर बसले.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, त्याचं नळ आणि फरशांचं दुकान आहे. माझं लग्न ठरलं तेव्हाच तो म्हणाला होता की हा माणूस जन्मभर वर-खाली करणार, पुढे कधी जायचा? आता त्याला आयतंच सापडलं. एक तारखेपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर माझ्या दुकानात या, असं त्याने जाहीर करून टाकलं. दुकानात दादाला सगळे साहेब म्हणतात, तेव्हा ह्यांनीही साहेबच म्हणायचं. दादा मनाने वाईट नाही, पण त्या शब्दाची त्याला भारी हौस. मी मनाशी म्हटलं, काय वाटेल ते होवो, माझा नवरा माझ्या भावाला साहेब म्हणणार नाही. मी घरी शिवणकाम करते. त्या दिवसांत माझ्या हातून एक बाही सरळ लागली असेल तर शपथ.

शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सल्ला द्यायला त्यांना निमित्तही लागत नाही. ते ह्यांना म्हणाले, अर्ज करून काही होत नाही, मोठ्या माणसाला एकटं गाठा. ऑफिसात गेलं तर शिपाई अडवतो, घरी गेलं तर कुत्रं. ह्यांनी दोन दिवस त्यावर डोकं चालवलं. मोठा माणूस एकटा, शांत आणि पळून जाता येणार नाही असा कुठे सापडतो? लिफ्टमध्ये! मलाही ते एकदम पटलं. मी शर्टाला कडक इस्त्री केली, डबा भरून दिला, आणि हे बाजारातल्या आठ मजली इमारतीत रवाना झाले.

संध्याकाळी आले ते खुशीत. कोण कोण भेटलं म्हणून विचारलं तर म्हणे सगळे. वकील भेटले, विमावाले भेटले, दोन डॉक्टर भेटले. मग नोकरीचं विचारलंत ना, असं मी म्हटल्यावर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी चारचौघांत भलतंच बोलले.

"अगं, ड्यूटीवर असताना लोकांशी बोलायचं नसतं."

कुठली ड्यूटी, कुणाची ड्यूटी! झालं होतं असं की लिफ्टमध्ये पाऊल टाकल्याबरोबर ह्यांचं बोट सवयीने बटणांपाशी गेलं. आत आलेला पहिला माणूस चौथा म्हणाला, ह्यांनी त्याला चौथ्यावर सोडलं. तेवढ्यात सहाव्यावरून बेल वाजली. बेल वाजल्यावर जायला नको का, असं मलाच विचारत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पाहिली होती, पण ताकाला जाऊन दिवसभर सगळ्यांना ताक वाढणारा आणि रिकामं भांडं घेऊन घरी येणारा हा पहिलाच. मी बोल बोल बोलले. उद्या नक्की विचारतो म्हणाले. उद्याही तेच, परवाही तेच. पुढच्या आठवड्यात त्यांनी जुना गणवेश काढला आणि मला त्याचं तुटलेलं बटण लावायला सांगितलं. मी ते लावलं, पण असं लावलं की बोटाला सुई टोचून घेतली.

शेवटी मीच उठले आणि त्या इमारतीच्या मॅनेजरला जाऊन भेटले. त्याला म्हटलं, माझा नवरा इथे राबतोय, त्याचा पगार कुठाय? मॅनेजर गोंधळला. त्याला वाटत होतं ह्यांना वरच्या ऑफिसांनी मिळून ठेवलंय. वरच्या ऑफिसांना वाटत होतं ह्यांना मॅनेजरने ठेवलंय. माणूस चांगला आहे, याबद्दल मात्र वर-खाली सगळ्यांचं एकमत. मग ठेवून घ्या की, मी म्हटलं. तर म्हणे असं नाही करता येत. आधी जागा काढावी लागेल, मग जाहिरात, मग मुलाखती.

"अहो, पण माणूस आहे ना तुमच्याकडे?"

"आहे ना. पण तो उमेदवार नाही," मॅनेजर म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. मुलाखतींचा दिवस ठरला तो नेमका महिन्याचा शेवटचा, आणि जागा आठवा मजला. लिफ्टमन व्हायला पंधरा-वीस माणसं आली. त्या सगळ्यांना आठव्या मजल्यावर कुणी नेऊन सोडलं? आमच्या ह्यांनी! एकाला कॉलर नीट करायला लावली, दुसऱ्याला सांगितलं की मुलाखत घेणाऱ्यांतल्या मधल्या साहेबांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोला. स्वतः मात्र लिफ्टमधून पाय बाहेर काढायला तयार नाहीत, कारण खाली रांग लागलेली. मला हे माहीतच होतं, म्हणून मी दुपारी तिथे जाऊन थडकले. आठव्यावर दार उघडल्याबरोबर ह्यांना पाठीत धक्का देऊन बाहेर काढलं आणि म्हटलं, जा आत, लिफ्टचं मी बघते.

आत काय झालं ते नंतर कळलं. त्यांना खुर्चीवर बसवलं, तिथेच घोळ झाला. ह्या माणसाने बसून कधी कामाची गोष्ट केलेली नाही. त्यांना विचारलं, तुम्हाला ही नोकरी का हवी? तर हे म्हणाले, खाली माणसं खोळंबली असतील, आणि उठून उभे राहिले. साहेबांना वाटलं, याला गरज दिसत नाही.

इकडे मी लिफ्टमध्ये. एकाला म्हटलं, ती बॅग पोटाशी धरा, दुसऱ्याच्या पाठीत खुपसू नका. काठी टेकत येणाऱ्या एका आजींच्या पुढे एक वकील घुसायला बघत होता, त्याला कोटाला धरून मागे ओढला. थोड्या वेळाने मुलाखत घेणारे तिघे चहाला खाली निघाले. ते कोण हे मला काय ठाऊक! शेवटी उतरायचंय ना, मग कोपऱ्यात सरका, असं म्हणून मी तिघांना भिंतीला टेकवलं. चहा पिऊन ते वर गेले आणि मॅनेजर माझ्याकडे धावत आला. मला नेमलं होतं.

मी म्हटलं, मला कसला आलाय अनुभव? तो म्हणाला, दुपारपासून आहे ना, बाकीच्यांना तेवढाही नाही.

मी ती नोकरी त्याच्याच तोंडावर फेकणार होते. ह्यांनी मला बाजूला घेतलं. सहाव्याचं बटण दोनदा दाबावं लागतं ते दाखवलं. काठीवाल्या आजींचे गुडघे दुखतात, त्यांची काठी आत आल्याशिवाय दार सोडायचं नाही, असं बजावलं. मग म्हणाले, "घे तू. घरात एक पगार येऊ दे. मी उद्यापासून दादांकडे जातो." रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधेपणाने म्हणाले आणि मला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये आणि हे फरशांमध्ये. संध्याकाळी घरी आल्यावर दुकानाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. मी विचारायची नाही, पण मला कळत होतं. आणि ड्यूटीवर बोलायचं नाही हा नियम त्यांचा, माझा नव्हे. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, इथे तर माझा सोन्यासारखा माणूस पडून होता. दार बंद झालं की मी सुरू. आमच्या ह्यांना काही काम आहे का हो? आठव्या मजल्यापर्यंत माणूस माझ्या तावडीत. लोक जिन्याने जायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्याचं तर पोट उतरलं.

एक दिवस सहाव्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई एकट्याच आत आल्या. त्यांच्याकडे हातापायांचे व्यायाम करून घ्यायला म्हातारी माणसं येतात. मी नेहमीप्रमाणे विचारलं. त्या म्हणाल्या, "काय येतं त्यांना?"

इतक्या जणांना गाठलं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. मी काय सुचेल ते बोलत सुटले. म्हटलं, बाई, ते फार बोलत नाहीत. पण थकलेलं माणूस आत आलं की त्याच्या हातातली पिशवी आधी घेतात. ज्याला चालायला वेळ लागतो त्याला घाई करत नाहीत. कुणाचा हात कापत असला तर बघितलं न बघितलंसं करतात, पण धरतात. सहावा मजला आला, मी दार उघडून धरलं. बाई उतरल्या नाहीत.

"म्हणजे तुमच्या आधी इथे होते ते?" त्या म्हणाल्या. "काठीवाल्या आजी रोज विचारतात मला, तो माणूस कुठे गेला. मला वाटलं, त्यांना कुठेतरी चांगली नोकरी लागली."

त्यांना पेशंटला फाटकापासून वर आणायला आणि व्यायाम करताना धरायला माणूस हवाच होता. उद्या येतील का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या कशाला, आत्ता आणते. लिफ्ट तिथेच सोडली आणि जिना उतरून थेट दादाचं दुकान गाठलं.

हे गिऱ्हाइकासमोर फरशी धरून उभे होते. मी म्हटलं, चला, काम मिळालंय. त्यांनी फरशी हलकेच खाली ठेवली, गल्ल्याकडे वळले आणि भरल्या दुकानात विचारलं, "साहेब, जाऊ?"

दादाने मान वर केली. त्याने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. तो गल्ला तसाच सोडून उठला आणि आमच्या मागोमाग रस्त्यावर आला. कोपऱ्यावर त्याने ह्यांना थांबवलं, ह्यांच्या शर्टावरची फरशांची धूळ स्वतःच्या हाताने झटकली आणि खाली बघत म्हणाला, "जावईबापू, दादा म्हणा हो."