चौथी चिठ्ठी

दहावीच्या मुलांना संभाव्यता शिकवायला घेतली की पहिल्या दिवशी मी सूत्र सांगत नाही. फळ्यावर महिरपी कंस काढते आणि म्हणते, काय काय घडू शकतं ते आधी सगळं या कंसात लिहा. पुस्तक त्याला नमुना अवकाश म्हणतं. मुलांना हे मुळीच आवडत नाही. त्यांना भागाकार हवा असतो, वर एक आकडा, खाली एक आकडा, आणि मोकळं.

मग दोन नाणी आली की सगळा वर्ग एकाच खड्ड्यात पडतो. दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक छापा एक काटा, झाल्या तीन शक्यता. मी म्हणते, चार. पहिल्यावर छापा नि दुसऱ्यावर काटा ही एक, आणि उलटं झालं तर ती दुसरी. "मॅडम, ते सेमच ना?" असं विचारणारा एक तरी दरवर्षी निघतोच. मी त्याला विचारते, "तुला ताप आला आणि तुझ्या बहिणीला ताप आला, हे सेम आहे का रे?" वर्ग हसतो. तो मुलगा बहुतेक वेळा म्हणतो, सेमच.

द्वारका चौकाजवळच्या एका क्लासमध्ये मी बरीच वर्षं हे करते आहे. क्लासचे मालक म्हणतात, "मॅडम, स्कोअरिंग चॅप्टर आहे, दोन तासांत उरका." मी उरकत नाही. कंसात जे लिहिलंच नाही त्याची शक्यता शून्य, मग पुढे भागाकार कितीही अचूक करा, हे वाक्य मी मुलांकडून घोकून घेते. एवढं शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातला कंस दिसला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

वडील गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि सायखेड्याला भावांनी वाटणी काढली. भाऊ तिघे, तिघेही माझ्याहून लहान. मला निरोप आला तो असा, "ताई, तू ये, तू असलीस म्हणजे भांडणं होत नाहीत." मला बरं वाटलं. थोरली म्हणून मान आहे, असं मी बसमध्ये स्वतःशी म्हणत होते. मूर्खच.

जमिनीचे तीन वाटे आधीच पाडले होते. एक रस्त्याला लागून, एक विहिरीचा, आणि एक नदीकडचा. नदीकडची माती लोण्यासारखी, पण गोदेला पूर आला की तो वाटा पाण्याखाली जातो. तिघांनाही रस्त्याकडचा हवा होता. तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. मध्ये पंच म्हणून आमचे चुलते बसले होते. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर सावरून बसली होती, ना आत ना बाहेर.

भांडण लागलं ते पहिल्यांदा कोणाची चिठ्ठी काढायची यावर. मधला अडून बसला.

"थोरल्याची पयली काढायची नाय. पयल्याला समदं मोकळं मिळतं. मागच्याच्या नशिबाला उरलंसुरलं."

थोरला म्हणाला, "मी मोठा हाय, माझीच पयली." धाकटा म्हणाला, मग मीच का मागं राहू. चुलत्यांनी दोनदा तंबाखू मळली आणि तिसऱ्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, तू तर हेच शिकवती ना? सांग यांना."

आणि मी सांगितलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तीन वाटे आणि तीन भाऊ घेऊन होतील तेवढ्या सगळ्या मांडण्या लिहिल्या. सहा झाल्या. त्यांतल्या दोन मांडण्यांत रस्त्याकडचा वाटा पहिल्याला मिळतो. दोनांत दुसऱ्याला. दोनांत तिसऱ्याला. पहिला काढला काय नि शेवटी काढला काय, प्रत्येकाला तिनातली एकच संधी. मधल्यानं कागद हातात घेतला, बोटानं एकेक ओळ मोजली आणि मान हलवली. वर्गात हुशार मुलं वर्ष संपेपर्यंत ज्यावर वाद घालतात ते माझ्या भावाला चहा गार व्हायच्या आत पटलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

"हुशार हाय पोरगी," चुलते म्हणाले. "आता काढणार कोण?"

एरवी घरातली लहान मुलगी चिठ्ठी काढते. पण घरातल्या सगळ्या लहान मुली या नाही तर त्या भावाच्या. आपल्या बापासाठी रस्त्याच्या चिठ्ठीची खूण ओळखून ठेवली असेल, ही शंका सगळ्यांच्या डोळ्यांत. तेव्हा थोरला म्हणाला, "ताईच काढंल. तिचा काय संबंध? कोणाला संशय नको."

किती सरळ बोलला तो. त्यात वाईट हेतू नव्हता, हेच मला जास्त लागलं. ज्याचा काही संबंध नाही त्याचा हात निर्मळ, हा त्यांचा हिशोब. माझ्या हातात तांब्या दिला. आत तीन घड्या. मी त्या हलवल्या आणि बघता बघता माझा हात थांबला. सकाळपासून मी तीन भाऊ, तीन वाटे करत बसले होते. माझ्याच पेनानं, माझ्याच अक्षरात. त्या बापाला लेकरं चार होती.

"चौथी चिठ्ठी कुठंय?" मी विचारलं.

आधी कोणाला कळलंच नाही. मग धाकटा मोठ्यानं हसला. "वाटे तीन नि चिठ्ठ्या चार? ताई, तुझंच गणित चुकलं की."

"वाटे चार करा. कायद्यानं माझा समान हिस्सा आहे."

हसणं थांबलं. थोरला जमिनीकडं बघायला लागला. मधल्यानं मघाचा माझा कागद घडी करून खिशात घातला, कशासाठी कोण जाणे. चुलते पुटपुटले, "कायदा हाय खरा, पण असं कोणी मागतं का?" आणि मग उंबऱ्यातून आईचा आवाज आला.

"बाई, तुला काय कमी हाय? नवऱ्याला नोकरी हाय, तुझा क्लास हाय. माहेर ठेवायचं का नाय तुला?"

मला इतका राग आला की तांब्या फेकावा असं वाटलं. भावांचा नाही आला तेवढा आईचा आला. तिनं स्वतः कधी तिच्या माहेरी काही मागितलं नव्हतं, आणि त्याचा तिला जन्मभर अभिमान होता. आपण उपाशी राहिलो म्हणून लेकीनंही राहावं, ही कसली माया? पण आपलेच दात नि आपलेच ओठ. ती डोळ्यांना पदर लावून बसली होती आणि मी चिठ्ठ्या काढल्या. थोरल्याला रस्ता, मधल्याला विहीर, धाकट्याला नदी. धाकटा म्हणाला, "ताई, तुझा हात काय माझ्यावर खूश नाय."

जेवणं झाली. पुरणपोळी होती. मी उठणार इतक्यात थोरला घसा खाकरून म्हणाला, "आता आईचं."

एक-एक वर्ष एकेकाकडं, हे त्यांनी आपसात ठरवलं होतं. प्रश्न होता पहिल्या वर्षाचा. थोरल्याच्या बायकोची कंबर धरली होती. मधल्याचं घराचं काम निघालं होतं. धाकटा म्हणाला, माझ्या वाट्याला आधीच नदी आली. आई उंबऱ्यातच होती, ताट तिच्या मांडीवर, हात उष्टा. कोणी तिच्याकडं बघत नव्हतं.

"टाका चिठ्ठ्या," धाकटा म्हणाला आणि कागद फाडायला लागला. मी बघत होते. एक, दोन, तीन. चौथा तुकडा फाडून त्यानं त्यावर माझं नाव लिहिलं.

"ताईची बी टाकतो. ती बी लेकच हाय की. समान."

मी विचारलं, "आईचे वाटे किती पाडलेत?"

कोणी हसलं नाही. कोणाला लाजही वाटली नाही. चुलते म्हणाले, "बरोबर बोलला तो, लेकीला आईची माया जास्त." थोरल्यानं तांब्या पुन्हा माझ्यापुढं सरकवला. मी आईकडं पाहिलं. एवढ्यानं तरी ती म्हणेल, ठेवा रे तो तांब्या. ती म्हणाली, "काढ बाई. वाद नको."

पहिली चिठ्ठी माझीच निघाली. दुसरी थोरल्याची.

हे मी कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, चारी चिठ्ठ्यांवर तुझंच नाव होतं ना? नव्हतं. मी तिथंच चारी उघडून पाहिल्या. चौघांची नावं नीट होती, कागद सारखे, घड्याही सारख्या. पुस्तकात म्हणतात तशा अगदी समसंभाव्य निष्पत्ती. लबाडी असती तर बरं झालं असतं, भांडायला काही तरी हाताशी असतं. चिठ्ठ्या खऱ्याच होत्या. खोटेपणा होता तो चिठ्ठ्या फाडण्याआधी, दोन कंसांत, आणि त्याबद्दल त्या घरात माझ्याशिवाय कोणाला काही वाटत नव्हतं.

मी आईला घेऊन आले. खोटं वागले नाही तिच्याशी. तिला बाजरीची भाकरी लागते, ती केली. तिच्या गुडघ्यांना तेल लावलं. पण तिला लेकीच्या घरचं अन्न गोड लागेना. जावयासमोर जेवायला लाजायची, कोणी आलं की "चार दिवस आलेय" म्हणायची. आमच्या गॅलरीतून द्वारकेकडं जाणारा रस्ता दिसतो. गावाकडची एखादी जीप दिसली की ती कठड्याला धरून उभी राही.

भाऊ फोन करायचे तो मला. हक्कसोडपत्रावर माझी सही राहिली होती. बहिणीनं आपला हक्क सोडल्याचा तो कागद झाल्याशिवाय तिघांची नावं सातबाऱ्यावर वेगळी चढत नव्हती. मी टाळत होते. वाटे पाडताना माझी आठवण नव्हती, कागदाला मात्र माझ्यावाचून अडलं होतं, याचा मला जरा आनंदही होत होता. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.

थोरला म्हणाला, "ताई, कागद लटकलाय, डोकं ठिकाणावर नाय. तेवढं झालं की येतोच आईला बघायला." फोनचा स्पीकर चालू होता. आईनं ऐकलं. त्यानंतर तिनं दुसरा विषय काढला नाही. सकाळी चहाला, "करून टाक ना बाई." भाजी निवडताना, "तुझ्या सहीपायी माझी पोरं अडलीत." मी एकदा ओरडले, "आई, तुझ्या चिठ्ठीत मी लेक होते, जमिनीच्या चिठ्ठीत का नव्हते?" ती शांतपणे म्हणाली, "मला सांभाळायला काय सातबारा लागतो व्हय?"

मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

तिचं वर्ष भरत आलं तेव्हा मी निफाडच्या कचेरीत जाऊन सही केली. तिथल्या साहेबानं विचारलं, "स्वखुशीनं करताय ना ताई? कोणाचा दबाव?" तिन्ही भाऊ मागं उभे होते. मी हो म्हटलं आणि नाही म्हटलं, ज्या प्रश्नाला जे पाहिजे ते.

त्याच रविवारी ते खरंच आले. जीप करून, तिघेही, द्राक्षांची पेटी आणि माझ्यासाठी साडी घेऊन. साडी चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. आई सकाळपासून न्हाऊन, केस विंचरून बसलेली. एरवी अर्धी भाकरी खाणारी बाई त्या दिवशी पोरांच्या पंगतीला बसून पोटभर जेवली. थोरल्याच्या पाठीवरून हात फिरवत, वाळलास रे, वाळलास रे, करत होती. मला वाटलं, हे एवढं बघायला सही केली तर केली, जळो ती जमीन.

निघताना थोरला चपला घालता घालता मला म्हणाला, "ताई, आईला हितं चांगलं करमलंय. आता माझा नंबर लागला म्हणून लगेच हलवायचं कशाला? राहू दे."

मी काही म्हणायच्या आत तिघे जिना उतरूनही गेले. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी दार लावायला वळले तर दाराच्या मागं आईची कापडी पिशवी होती. दोन लुगडी, औषधं, जपमाळ, सगळं भरून, तोंड सुतळीनं बांधलेलं. पहाटे केव्हा भरली होती मला माहीत नाही. मी ती उचलून आत न्यायला लागले.

"राहू दे तिथंच," आई म्हणाली. "घाईत इसरले ते. पुढल्या रविवारी येतील न्यायला."