आसेगाव रस्त्यावरची तूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. मोठ्या भावाला सांगायची गरज नव्हती — अर्धं त्याला ठाऊकच होतं, आणि उरलेलं अर्धं त्यानं कधी विचारलं नाही. मन हलकं करायला सांगतोय असं समजू नका. म्हातारपणी माणसं शांत होतात म्हणे. माझा संताप तेवढा वाढत गेला. त्या चौकशीच्या साहेबांवर, त्यांच्या हसण्यावर, आणि त्यांना हसवणाऱ्या माणसावर — पण तिकडे येतो. सरळ येववत नाही, म्हणून थोडा वळसा घेतोय.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. मी आसेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. दुष्काळाची सालं सरली होती, तूर बऱ्याच दिवसांनी चांगली झाली होती. आमचं वावर मंगरूळपीरच्या रस्त्याला लागून. त्या रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि गावाला फुकटचं खळं मिळालं. तुरीच्या पेंढ्या डांबरावर पसरायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी त्या तुडवायच्या, शेंगा फुटल्या की संध्याकाळी दाणे गोळा करायचे. बैलांना सुट्टी. सगळेच करायचे. त्या सकाळी दादानं विचारलं, कुठं पसरू? जागा मी दाखवली. जिथं रस्ता सरळ आहे, गाड्या वेगात येतात, तिथं. शेंगा चांगल्या फुटतील म्हणालो. विज्ञानाचा मास्तर ना मी!

सकाळची बस आली. समोर आडवाटेनं एक बैलगाडी रस्त्यावर चढली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, चाकं थांबली — बस थांबली नाही. तुरीचे गोल दाणे चाकांखाली फिरत राहिले आणि बस घसरत घसरत जाऊन रस्त्याकडेच्या नालीत आडवी झाली. बाजाराला निघालेली यशोदाबाई वांग्यांची टोपली सांभाळत दाराशी बसली होती. ती खाली सापडली. तिथंच गेली.

सगळं गाव बसकडे धावलं. मी आणि दादा तुरीकडे धावलो.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. अजून पुढचं आहे.

पोलीस येईपर्यंत रस्ता झाडून लख्ख झाला होता. गावातलं कुणी बोललं नाही. ज्याच्या-त्याच्या तुरी रस्त्यावरच असायच्या. प्रवाशांना बसच्या वेगाबद्दल विचारलं, रस्त्याबद्दल विचारलंच नाही. उरला ड्रायव्हर. इंगोले त्याचं नाव. आमच्या तालुक्यातल्या बौद्ध वस्तीतला, घरातला पहिला पगारी माणूस. खाकी कपड्याला स्वतः इस्त्री करायचा.

चौकशी आमच्या शाळेतच बसली. टेबलावर स्नेहसंमेलनाची चादर, साहेबांना झेंडूचे हार. एक बाई मेली होती आणि हार साहेबांना. साहेबांना निकाल ‘शास्त्रीय’ हवा होता. हेडमास्तरांनी लगेच मला पुढं केलं. हिशेब अवघड नव्हता. चाकं अडकलेली गाडी किती लांब घसरते हे दोन गोष्टींवर ठरतं — तिचा वेग किती होता आणि रस्ता तिला किती धरून ठेवतो. अंतर मोजलं, रस्त्याच्या विरोधाचा आकडा घातला, की वेग हातात येतो. अंतर कुठून मोजायचं? ब्रेक कुठं दाबला ते इंगोलेनं स्वतःच सांगितलं, रस्त्यावर नेऊन बाभूळ दाखवली. खोटं बोलायचं असतं तर पुढचं झाड दाखवलं नसतं का?

राहिला रस्त्याचा आकडा. तो मी घातला — कोरड्या, स्वच्छ डांबराचा. पसरलेल्या तुरीचा विरोध त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, हे मला माहीत होतं. तो घातला असता तर बरोबर तोच वेग निघाला असता जो इंगोले सांगत होता. माझ्या उत्तरात वेग दीडपट झाला.

फळ्यावर उत्तर आलं तेव्हा इंगोले उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही.

“सायेब, रस्त्यावर तुरी होत्या. चाक धरूनच नाई राह्यलं. गुरुजीले इचारा, त्यायच्याच वावरापाशी होत्या. गुरुजीले मालूम हाय.”

सगळे माझ्याकडे वळले. नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. हो म्हणायचं त्याहून नव्हतं. मी खडूचे हात झटकले आणि म्हणालो, “आमच्या गणितात तूर येत नाही, साहेब. वरणात येते.”

साहेब हसले. हेडमास्तर हसले. हार हलले.

मी खोटंसुद्धा बोललो नव्हतो, बघा. विनोद केला होता. लोक म्हणतात, मास्तरची जीभ तिखट. आणि इंगोलेच्या जागी आमच्यातला कुणी असता तर साहेब इतक्या लवकर हसले असते? मी तरी हा विनोद केला असता? मला उत्तर माहीत आहे. त्याची नोकरी गेली.

पुढं काही वर्षांनी तो मंगरूळपीरच्या बाजारात दिसला. हमाली करत होता. मी तोंड फिरवलं, पण त्यानंच हाक मारली. मला वाटलं, आता हा चार लोकांत माझी लाज काढणार. मी तयार होतो. खरं सांगू? त्यानं काढावी असं वाटत होतं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “तवा मले तुमचा लय राग आला होता. मंग लय इचार केला. गनित कायले खोटं बोलन? मीच जोरात असन. थे बाई माह्याच हातानं मेली.”

बोलायला एवढी मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, “चहा घेता का?”

त्यानं घेतला. बशीत ओतून, सावकाश, माझ्याशेजारी बसून. यशोदाबाईच्या पोरांची चौकशी केली. त्यांच्या दारी जायची हिंमत होत नाही म्हणाला.

त्याच वर्षी तो वारला. ती बाई आपण मारली, असं समजूनच वारला.